बैलांनी ओढलेला अवांक

मी अवांक बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर संकोचू नका; घाटंजीजवळच्या आमच्या गावातही कोणी ऐकलं नव्हतं. दूरच्या वेल्स देशातल्या लोककथांमध्ये मी तळ्यात राहणारा राक्षसी प्राणी आहे. मी अंग हलवलं की तळं फुटून शेतं बुडतात, असं तिथले लोक सांगत.

इथे मात्र माझा जन्म सागाच्या तुकड्यातून झाला. सातवीतल्या दीपाने शाळेच्या पुस्तकात माझी गोष्ट वाचली होती. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल मिरवतात, त्यासाठी तिने मला उकंडा सुताराकडून करून मागितलं. पुस्तकात माझं चित्र नव्हतं.

"म्या पाह्यलाच नाही त्याले, घडवू कसा?" उकंडाकाका म्हणाले.

"मगरीसारखा करा," दीपा हळूच म्हणाली.

त्यांनी मगर केली; पण जन्मभर पोळ्याचे बैल घडवलेला हात तो, माझ्या पाठीवर वशिंड आलंच.

दीपाच्या घरी खरी जोडी होती, ढवळ्या आणि पवळ्या. ढवळ्याचा उजवा डोळा बाभळीच्या काट्याने गेलेला. त्या वर्षी गावाने सगळीकडे कापूसच पेरला आणि तोही बोंडअळीने खाल्ला. ज्वारी नाही, म्हणून कडबा नाही.

"चारा एकापुरताच हाय. काण्याले इकून टाकू," दीपाचे बाबा देवसिंग म्हणाले. दीपा फार बोलत नसे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तिने दोन लाकडी बैलांमागे मला दोरीने बांधलं. बक्षीस ठरवणाऱ्या बेबीताई म्हणाल्या, "काय वं दीपा, बैलामागं मगर कायले? नांगर हारपला का?"

सगळे हसले. दीपा खाली बघत बोलू लागली.

"हा अवांक. याच्यानं शेतं बुडत होती. माणसाईनं ओढला, निघाला नाही. मग दोन बैल जुपले. एकानं एवढा जोर लावला का त्याचा डोळाच निखळून पडला. तरी त्यानं ओढणं सोडलं नाही."

"मंग त्या बैलाचं काय झालं?" बेबीताईंनी विचारलं.

"पुस्तकात नाही लिहिलं." तिने गर्दीतल्या बाबांकडे पाहिलं. "पण त्याले इकलं, असं कुठंच नाही."

बक्षीस मिळालं नाही. ते फक्त बैलांसाठी होतं.

घरी आल्यावर देवसिंग बराच वेळ ढवळ्याजवळ उभे होते. मग म्हणाले, "काण्याले बजारात कसाईच घेईन. पवळ्याले कोणी शेतकरी तरी घेईन."

पवळ्या गेला त्या दिवशी दीपा जेवली नाही. त्याचाही तिला लळा होता. शेजारच्या डोंगरसिंगकडेही एकच बैल उरला होता. त्यांनी सावड केली, म्हणजे दोघांचे बैल एकत्र जुंपून आळीपाळीने दोन्ही शेतं वाहायची. ढवळ्याला डावीकडे जुंपतात. त्याचा आंधळा डोळा जोडीदाराकडे राहतो.

गोठ्याचं दार आपटू नये म्हणून मी आता त्याच्या खाली अडण म्हणून असतो. वशिंडाचा टवका उडाला आहे. तुम्ही कधी आलात तर एवढं करा: आधी हाक मारा आणि ढवळ्याच्या डाव्या अंगाने या. उजवीकडचं माणूस त्याला दिसत नाही, आणि तो दचकला की पाय माझ्यावरच पडतो.