पेवातला न विझणारा कंदील

मित्रांनो, फोनच्या खाली चार्जिंगच्या जागी खोचायचे, काडेपेटीएवढे एक जुने यंत्र आहे मी. मला नाक नाही, पण हवा हुंगता येते. विषारी वायू वाढला किंवा प्राणवायू कमी पडला की मी फोनला सांगतो आणि फोन बोंब मारतो.

माझी मालकीण रेश्मा सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहते, प्रयोगशाळेत काम करते. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे मी फोडणीच्या धुरावरही ओरडू लागलो आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. वाईट वाटले. मी तर माझे काम चोख करत होतो.

यंदा मंगळवेढ्याजवळ माहेरी जाताना तिने मला आठवणीने पर्समध्ये टाकले. तिच्या वडिलांचे, आबासाहेबांचे, पेव उघडायचे होते. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. गेल्या वर्षी त्यात उतरलेले त्यांचे धाकटे भाऊ सयाजी जिवंत वर आलेच नव्हते. पेवाने माणूस धरला, असे गाव म्हणत होते.

उतरण्याआधी पेवात पेटता कंदील सोडायचा, तो विझला तर उतरायचे नाही, ही तिथली रीत. रॉकेल मिळेनासे झाले तेव्हा आबासाहेबांनी बॅटरीचा कंदील आणला. रीत मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. भर दुपारी त्यांनी तो खाली सोडला. लख्ख उजेड पडला.

"हवा चांगली हाय," म्हणत त्यांनी शिडीवर पाय ठेवला.

"आबा, थांबा की! आधी माझं यंत्र सोडू," रेश्मा म्हणाली.

"त्ये डबडं मला शिकवणार व्हय?" आबासाहेब हसले, पण बाजूला झाले.

रेश्माने फोनसकट मला बादलीत ठेवून दोराने खाली सोडले. वर ऊन होते, चिमण्यांचा गलका होता. दोन हात खाली गेलो आणि सारे दूर राहिले. हवा जड होती, हलत नव्हती. प्राणवायू कमी कमी होत गेला. तळाशी ज्वारीवर तो कंदील शांतपणे उजळत बसला होता. जिथे मुंगीही जगली नसती तिथे त्याला काहीच होत नव्हते. मला त्या उजेडाची भीती वाटली. मी जीव तोडून ओरडलो.

वर सयाजींची बायको बजाबाई पेवाच्या तोंडाशी बसून आत डोकावल्या. "आमचं धनी हाक मारत्यात गं!"

"न्हाय काकी, यंत्र वाजतंय," रेश्मा म्हणाली. तिने तारेला पेटती चिंधी बांधून खाली सोडली. दोन हात खाली जाताच ती विझली. बॅटरीचा कंदील तसाच चालू होता.

आबासाहेबांनी दोर ओढून कंदील वर घेतला.

"ह्योच उजेड बघून मी त्याला म्हनलं, जा, उतर," ते म्हणाले. "मीच धाडला सयाजीला."

बजाबाई उठल्या आणि त्यांनी शिडी वर ओढून घेतली.

मित्रांनो, आम्हाला धूळ खात ठेवू नका. वेळच्या वेळी पुसा, तपासा. आमचा आवाज कटकटीचा असतो, मला ठाऊक आहे. तरी तो ऐकून पाय मागे घ्या. सयाजींच्या वेळी तिथे ओरडायला कोणी नव्हते.