मुक्काम पोस्ट पांढुर्णा

"हे नाही," म्यूझियममधल्या दगडी विष्णूसमोर उभ्या राहून प्रेमलताबाई म्हणाल्या आणि पुढच्या मूर्तीकडे वळल्या.

"अवं, अरविंद चित्रं काढत होता. मूर्त्या नाही," मागून रघुनाथराव म्हणाले. "अन् हे हजार वर्षांचं आहे म्हणून लिहिलं आहे."

"मंग चित्रं कुठी आहेत ते विचारा नं कोणाले."

रघुनाथराव विचारायला गेले खरे, पण मनातून नव्हे. पांढुर्ण्याच्या पोस्टात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. भाचीच्या लग्नासाठी दोघं मुंबईला आली होती. आदल्या संध्याकाळी मांडवात हेमंत भेटला. हा हेमंत अरविंदबरोबर एका खोलीत राहायचा. वाकून नमस्कार करत तो म्हणाला, "काकू, अरविंदचं एक चित्र एका कलादालनानं घेतलंय. भिंतीवर लावलंय. बघून या. फोर्टात, म्यूझियमजवळ."

अरविंद हा त्यांचा एकुलता मुलगा. रघुनाथरावांनी त्याच्यासाठी पोस्टात नोकरीचं बोलून ठेवलं होतं. तो ती नाकारून चित्रकला शिकायला मुंबईला गेला, तेव्हा वडील त्याला पोचवायला स्टेशनवरही गेले नाहीत. तीन वर्षांनी विषमज्वराची तार आली. दोघं मुंबईला पोचली तोवर सगळं उरकलं होतं. त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. त्याचं एकही चित्र दोघांनी पाहिलेलं नव्हतं.

पहारेकऱ्यानं त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथं काचेमागं तळहाताएवढी जुनी चित्रं होती. राजे, हत्ती, गच्चीवरच्या बायका. प्रेमलताबाई प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मुलाचं नाव शोधत होत्या. चौथीपर्यंत शिकल्या होत्या, तेवढं वाचता येत होतं. त्यांचं पाऊल लवकर पुढे पडत नव्हतं.

"इथं नाही मिळणार, आजी," शेवटी तिथल्या माणसाला दया आली. "नवी चित्रं रस्त्यापलीकडं, त्या पिवळ्या इमारतीत."

बाहेर ऊन भाजून काढत होतं. रघुनाथराव पायरीवरच थांबले.

"आता दादरले जाऊ. रात्रीची गाडी आहे. सामान बांधाचं आहे."

"तुम्ही जा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मी पाहूनच येते."

"एकटी रस्ता चुकशील."

"चुकीन तर विचारीन. तोंड आहे मले."

त्या चालायलाही लागल्या. रघुनाथराव त्यांच्या मागून निघाले.

पिवळ्या इमारतीत गारवा होता. दुसऱ्याच दालनात ते चित्र लागलं होतं. प्रेमलताबाईंना कोपऱ्यातलं नाव आधी दिसलं, चित्र नंतर. दाराएवढ्या उंचीच्या त्या कापडावर काळा, तपकिरी रंग थरावर थर चढवलेला होता आणि मधूनच पांढऱ्याचे फटकारे उमटले होते. माणूस नाही, झाड नाही, घर नाही.

"हे काय होय?" त्यांनी हळूच विचारलं.

"मले नाही समजत."

"कापूस होय का? काळ्या वावरातला?"

"असंन. नसंनही."

एक तरुण जोडपं आलं. मुलगी हसून म्हणाली, "यात काय काढलंय कोण जाणे!" आणि दोघं पुढे गेली. प्रेमलताबाई तिथंच फरशीवर बसल्या.

"बाई, खाली बसायचं नाही," पहारेकरी धावत आला.

"मले समजेपर्यंत मी उठत नाही, भाऊ. पोराचं आहे माह्या."

रघुनाथरावांनी पहारेकऱ्याला विचारलं, "स्टूल आहे का कुठी?" मग दोघांनी मिळून आतलं जड बाकडं उचलून आणलं. प्रेमलताबाई त्यावर बसल्या. किती वेळ बसल्या, कोणी मोजला नाही. शेवटी म्हणाल्या, "नाही समजत. पण पाहा, किती वेळा पुसलं अन् किती वेळा काढलं त्यानं. मेहनत दिसते."

रघुनाथराव पहिल्यांदाच चित्राच्या अगदी जवळ गेले. रंगाच्या एका जाड थरात ब्रशचा केस अडकून राहिला होता. ते बराच वेळ त्या केसाकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर शेजारच्या छोट्या कार्डावर गेली आणि ते तडक कचेरीत शिरले.

"साहेब, त्या काळ्या चित्राच्या कार्डावर नागपूर लिहून आहे. तो नागपूरचा नाही."

टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्यानं वर पाहिलं. "मग कुठला?"

"पांढुर्ण्याचा."

"म्हणजे नागपूरजवळचंच ना? काय फरक पडतो?"

"पडते, साहेब. आधी पडत नव्हता, सगळं एकच राज्य होतं. आता नागपूर तुमच्या मुंबई राज्यात आलं अन् आम्ही राहिलो मध्य प्रदेशात."

"अहो, पण पांढुर्णा इथं कुणाला माहीत असणार?"

"म्हणूनच लिहा."

अधिकाऱ्यानं हातातला कागद बाजूला ठेवला. "तुम्ही त्यांचे कोण?"

"वडील," रघुनाथराव म्हणाले.

अधिकारी उठून उभा राहिला. टंकलेखक रजेवर आहे, नवं कार्ड पुढच्या आठवड्यात लावू, असं तो म्हणाला.

"आम्ही आज रात्री चाललो. मले कोरं कार्ड द्या. मी लिहून देतो. अक्षर चांगलं आहे माहं."

पहिल्या कार्डावर शाईचा डाग पडला. अधिकाऱ्यानं दुसरं पुढं केलं. तोवर प्रेमलताबाईही आत येऊन नवऱ्याच्या खांद्यामागं उभ्या राहिल्या होत्या. या वेळी टाक ठाम चालला. अरविंद कळंबे. मुक्काम पोस्ट पांढुर्णा, मध्य प्रदेश.

"मधलं नाव राहिलं का?" अधिकाऱ्यानं विचारलं. "घालायचं असेल तर जागा आहे."

नावाच्या मध्ये खरंच जागा होती. रघुनाथरावांचा टाक क्षणभर तिथं थांबला.

"घाला नं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तुमचं नाव."

"चित्रावर त्यानं नाही घातलं," रघुनाथराव म्हणाले. "मी कायले घालू?"

त्यांनी टाक खाली ठेवला, कार्ड दोन्ही तळहातांवर आडवं घेतलं आणि शाई वाळेपर्यंत तसेच उभे राहिले.