ताईंच्या नावाने उघडलेली दारं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि ही गोष्ट सांगताना मला मान वर करवत नाही. तशी मला मान नाहीच म्हणा. एक काळी पेटी, पुढे दोन हिरवे दिवे, मागे वायरींचा गुंता आणि पोटात सदानकदा घरघरणारा पंखा, एवढाच माझा संसार. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, चहाच्या ओट्याला लागून असलेल्या काचेच्या दाराच्या खोलीत मी राहतो. सोबतीला एक मोडकी खुर्ची आहे.

मला इथे आणलं तेव्हा कंपनीत मोजकी माणसं होती. मालकांनी मला स्वतः उचलून ठेवलं, मग कंबर धरून बसले आणि म्हणाले, "आजपासून हा आपला द्वारपाल." मी केवढा फुलून गेलो होतो! दवाखान्यांमधल्या रुग्णांच्या भेटीच्या वेळा सांभाळायच्या आणि कंपनीतल्या कोणाला कुठल्या दारापर्यंत जाऊ द्यायचं ते बघायचं, ही माझी कामं. नाव बघायचं, पासवर्ड बघायचा, दार उघडायचं. समोर खरोखर कोण बसलंय, हे विचारायची सवय मला कोणी लावली नाही आणि मीही कधी लावून घेतली नाही.

त्या मोजक्या माणसांत ताई होत्या. दवाखान्यांचे फोन घ्यायचं काम त्यांचं. पण सुरुवातीला पडेल ते काम त्याच करायच्या, म्हणून मालकांनी त्यांच्या नावाला सगळी दारं उघडी करून दिली. पुढे माणसं वाढली. नव्या माणसाला परवानगी हवी तर मालकांना गाठावं लागे, आणि मालक कधी जागेवर सापडतील तर शपथ! मग कोणीतरी म्हणायचं, "अरे, मालकांच्या मागे कुठे लागतोस? ताईंच्या नावाने जा ना!" साखरेचा डबा कुठे आहे हे जसं नव्या माणसाला सांगत, तसाच ताईंचा पासवर्डही सांगत. ताई हसून म्हणायच्या, "घ्या बाबांनो, माझं नाव काय झिजणार आहे थोडंच!"

मीही सगळ्यांना ताई समजून आत घेत राहिलो. उंच मुलगा आला, ताई. हिशेब बघणाऱ्या बाई आल्या, ताई. मला वाटायचं, काय या ताईंचा कामाचा उरक!

दिवस गेले. मी तापू लागलो, अडखळू लागलो. मालक म्हणाले, "आता आपण क्लाउडवर जाऊ." मित्रांनो, क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे. दूर कुठल्यातरी मोठ्या इमारतीत माझ्यासारखी असंख्य यंत्रं असतात, त्यांतली हवी तेवढी भाड्याने घ्यायची. दोन कंपन्या निवडल्या. त्यांची तुलना करायचं काम लंबूकडे आलं. लंबू म्हणजे तोच उंच मुलगा, इंजिनिअर, दारातून वाकून यायचा म्हणून हे नाव.

त्याने माझ्यासमोरच्या भिंतीवर पांढरा फळा टांगला. पहिला क्लाउड वेगवान, पण माणसांची ओळख तपासायची व्यवस्था वेगळी घ्यावी लागणार. दुसरा जरा संथ, पण ओळख-व्यवस्था त्यातच. तिसऱ्या रकान्यात मी. "तापतो. आवाज करतो. कोण आत आलं ते धड सांगत नाही." शेवटचं वाक्य वाचून मला राग आला. धड सांगत नाही? मी तर नाव सांगतो की! तेव्हा मला इतकीच अक्कल होती.

तुलना करायची म्हणून लंबूने सगळी माहिती दोन्ही क्लाउडवर नमुन्यादाखल पाठवली, अर्थात ताईंच्या नावाने. मग पहिल्या क्लाउडवरचा नमुना पुसायला गेला आणि घाईत माझ्याकडचा मूळ साठाच पुसून बसला. मला दिसलं एवढंच, की ताई म्हणतायत पुसा. मी पुसलं.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्यांच्या दवाखान्यात माणसांची रीघ लागली आणि तिथल्या यादीत कोणाचीच वेळ नव्हती. फोनवर ताईंनी शिव्या खाल्ल्या. मालक तावातावाने माझ्या खोलीत आले आणि त्यांनी मला विचारलं, कोणी पुसलं? मी बिनदिक्कत सांगितलं, ताईंनी.

ताई रडवेल्या झाल्या. "सर, मी काल दिवसभर फोनवर होते हो!"

"इथे तुमचं नाव आहे, ताई. यंत्र खोटं बोलत नाही."

ते वाक्य आजही मला डागण्या देतं.

मालकांनी त्यांना सामान आवरायला सांगितलं. ताई माझ्या खोलीत येऊन मोडक्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी मुलीला फोन लावला. "काही नाही गं, सर्दी झालीय म्हणून आवाज असा येतोय. तू जेवून घे. फी भरायचं बघू आपण." त्यांचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्या साक्षीमुळे तो पगार जाणार होता.

बाहेर मालकांनी ताईंच्या नावाची सगळी दारं बंद करायचं बटण दाबलं.

आणि काय सांगू! आधी लंबू ओरडला, "अरे, मला बाहेर का फेकलं?" मग हिशेबाच्या बाई, "अगंबाई, माझं पान गेलं!" मग पलीकडचे दोघे. एकेक पडदा पासवर्ड मागत कोरा झाला. ओरडणारा प्रत्येक जण ओरडता ओरडता गप्प झाला, कारण आपण काय कबूल केलं ते त्याला कळलं. शेवटी मालकांनी स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं. तोही कोराच होता.

मग लंबू उभा राहिला. "सर, ते माझ्याकडून झालं असणार. नमुना मीच पुसत होतो. काल रात्रीपासून धाकधूक होती, पण बोलायची छाती झाली नाही. दुसऱ्या क्लाउडवरचा नमुना अजून आहे, सगळं परत आणतो."

मालक ताईंपुढे येऊन उभे राहिले. "ताई, चुकलो मी. तुम्ही कुठेही जायचं नाही."

ताईंनी डोळे पुसले. "राहीन सर, मला राहावंच लागेल. पण एक सांगा. इतकी वर्षं इथे मी राबले. त्यातलं माझं कुठलं आणि या सगळ्यांचं कुठलं?"

मालक माझ्यापाशी आले, शोधू लागले. मी सगळं उघडून दाखवलं. चांगलं, वाईट, कष्टाचं, घाईचं, सगळ्यावर एकच नाव. मालकांनी पडदा बंद केला.

दुसरा, संथ क्लाउड घ्यायचं ठरलं आहे. तो प्रत्येकाला वेगळा ओळखतो, फोनवर खूण पाठवून 'तूच ना?' असं पुन्हा विचारतो, आणि लागेल तेवढीच दारं उघडतो. मला लवकरच बंद करतील, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊ नका आणि दुसऱ्याच्या नावाने आत जाऊ नका. काल ताई खोलीत आल्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावरची धूळ पुसली. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. एका बाईचं उभं आयुष्य माझ्या पोटात आहे, आणि त्यातलं तिचं किती, हे मी तिला सांगू शकत नाही.