उताराला न्यूट्रल

कुडपणचा घाट उतरताना पहिल्याच वळणावर भागोजीने जीप न्यूट्रलला टाकली आणि डिझेल वाचल्याच्या समाधानात पुन्हा तोंडाचा पट्टा सोडला.

"पोरगी नापास! आनी तीबी सख्ख्या काकानं केली! गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नायस."

तो काका, म्हणजे शेजारी बसलेला मुरारी, याने डोळे मिटून घेतले; मागच्या सीटवर पोरगी मान खाली घालून बसली होती. चहा घेताना हेच, जेवताना हेच, देवळात पुजाऱ्यासमोरही हेच. सुट्टीला भावाकडे आलो की शिक्षा भोगायला, हेच त्याला कळेना. आता पोलादपूरची एसटी कधी एकदा गाठतो असे त्याला झाले होते.

वायुदलात तो कसोटी-वैमानिक होता. नवे विमान उडवायचे, त्यातला दोष हुडकायचा आणि ज्यांनी ते वर्षानुवर्षे खपून बनवले त्यांच्या तोंडावर तो सांगायचा, हीच नोकरी. त्यापायी किती जणांशी वाकडे आले याला गणती नव्हती. निवृत्तीनंतर तो एका उड्डाणशाळेचा प्रमुख झाला आणि भागोजीची लेक अंकिता तिथेच शिकायला आली. एकटीने उडण्याआधीच्या चाचणीत त्याने विमानाच्या दाराची कडी मुद्दाम अर्धवट ठेवली आणि "चल, निघू" म्हणाला. अंकिताने कडी पाहिली आणि निमूट विमान धावपट्टीकडे वळवले. काकांना कसे सांगायचे, म्हणे! मुरारीने कपाळावर हात मारून घेतला होता. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली तर पोरीला कायमचे घरी परतावे लागणार होते.

"तुज्या एका सहीचं तर काम," भागोजी म्हणाला.

"दादा, सही माजी आसली तरी वर ती एकटी आसनार हाय."

"मला शिकवू नको. तुला महाडच्या बोर्डिंगात कोनी घातला?"

वडिलांमागे भागोजीनेच मुरारीला वाढवले होते, आणि त्यांच्या घरात थोरल्याला उलट बोलायची रीत नव्हती.

जीप वेग घेत होती. भागोजीचा पाय ब्रेकवरून उठत नव्हता. करपल्याचा वास आत आला. मुरारीने काच खाली केली, जरासा खाकरला आणि दाराची मूठ घट्ट धरली.

"अण्णा, गाडी थांबवा," मागून अंकिता म्हणाली.

"गप गो. मोठी मानसं बोलतायत."

"ब्रेक जळतायत. गिअर टाका आणि थांबवा. आत्ता!"

लेकीचा असा आवाज भागोजीने कधी ऐकला नव्हता. त्याने चपापून गिअर टाकला. जीप गचके खात डोंगराच्या कडेला उभी राहिली. पुढच्या चाकातून धूर निघत होता, आणि खाली दरीच होती. भागोजी उतरून बॉनेटला टेकला आणि धाकट्या भावाकडे वळला.

"तुला वास नाय आला?"

"आला. मघाशीच."

"मग बोलला का नायस रे?"

अंकिता चाकापुढे दगड लावत होती. हात झटकत ती उभी राहिली आणि काकांकडे पाहू लागली. उत्तर तिलाही ऐकायचे होते.