बिनविरोध

आमच्या फुटबॉल क्लबात सेक्रेटरी निवडायची एक रीत आहे. जो मीटिंगला येत नाही, त्याच्या गळ्यात ते पद मारायचं. समोर बसलेला माणूस नाही म्हणू शकतो, घरी बसलेला कसं म्हणणार?

दादाला, म्हणजे आमच्या सध्याच्या सेक्रेटरीला, हे चांगलं ठाऊक होतं. तरी आज सकाळी चपला घालून दारापर्यंत आला आणि मागे फिरला.

"मी नाही येत. तिथं चार जण 'तुम्हीच हो' म्हणाले की माझ्या तोंडून नकार निघत नाही. तूच सांग, लेकीकडे चाललोय म्हणून."

पुतणीचे दिवस भरत आलेत. जावई बोटीवर, वहिनी तर केव्हाच गेली. पोरीला माहेर म्हणजे हा एकटा बाप. बाळ जरा मोठं होईपर्यंत तो तिथंच राहणार होता.

"सांगतो की, त्यात काय!" मी म्हटलं.

मीटिंग जाळ्या ठेवायच्या खोलीत. अध्यक्षांनी विचारलं, "बोला, या वर्षी कोण तयार आहे?" झालं! एरवी मैदानाबाहेरून रेफरीचा उद्धार करणारे सगळे जमिनीकडे बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "लाज वाटते का रे? मैदानाच्या परवानगीसाठी हेलपाटे दादानं घालायचे, पालकांची भांडणं दादानं सोडवायची, आणि तुम्ही नुसत्या टाळ्या पिटायच्या?"

"एवढं लागतंय, तर तुम्हीच व्हा ना सेक्रेटरी!" बेकरीवाला म्हणाला.

लगेच टाळ्या. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. मला ना दुखणं, ना कुठे जायचं. सबबच सुचेना.

"छे छे, दादा तयार आहे की," मी म्हटलं.

चुकून तोंडातून गेलं म्हणायचीही सोय नाही. चांगला विचार करून बोललो. भराभर हात वर झाले, सगळ्यात आधी माझा.

घरी आलो तर दादा बॅग भरत होता.

"काय झालं?"

"तुलाच केलं."

"अरे, पण तू सांगितलंस ना?"

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं मी. "सांगितलं की."

"तरी?"

"तरी."

दादानं ओरडावं, माझी खरडपट्टी काढावी, असं मला मनापासून वाटत होतं. तो मात्र पलंगावर बसला, चष्मा काढून हातात धरला.

"कुणी हरकत नाही घेतली?"

"बिनविरोध."

"मला आपलं वाटायचं, दुसरं कुणी मिळत नाही म्हणून माझ्यावर ढकलतात रे." त्याचा आवाज भरून आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं लगेच लेकीला फोन लावला. "बाळा, एवढ्या लोकांचा शब्द कसा मोडू? तुझ्याजवळ एखादी बाई ठेवू आपण. मी मध्ये येऊन जाईन." मग फोन माझ्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

"काका," पुतणी रडत होती, "मला फार भीती वाटतेय हो. एकटीला नाही जमणार. बाबांना तुम्ही तरी सांगा ना."

दादा समोर बसून डोळे पुसत होता, आणि हसतही होता.

"अगं, मी काय सांगणार?" मी म्हटलं. "तो स्वतःहून तयार झालाय."