पुढच्या पंपापर्यंत

खाडीच्या तळाशी तेल कंपनीची जुनी पाइपलाइन फुटली आणि तेल पाण्यावर आलं, तेव्हा त्याच कंपनीच्या पेट्रोल पंपावर ताई नेहमीसारखी काचेच्या केबिनमध्ये बसली होती. पंप ती आणि तिचा नवरा मिळून कंपनीच्या करारावर चालवत. गिऱ्हाइकं गाडीची टाकी भरता भरता तिला विचारायची, नक्की झालं काय? तिला बातम्यांत ऐकलं त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. कंपनीनं पंपवाल्यांना एवढंच कळवलं होतं, की कुणी विचारलं तर काही बोलू नका.

तिची धाकटी बहीण त्याच खाडीत शिंपल्यातली कालवं वाढवायची. पाण्यात दोर सोडायचे, त्यांवर कालवं धरू द्यायची, ओहोटीला जाऊन दोर साफ करायचे आणि तयार माल टेम्पोतून हॉटेलांना पोचवायचा, हा सगळा व्याप तिनं एकटीनं उभा केला होता. ताई बघायला गेली तेव्हा धाकटी गुडघाभर चिखलात उभी राहून काळेकुट्ट झालेले दोर कापत होती. ताईनं बाह्या वर केल्या आणि भरती येईपर्यंत तिच्यासोबत दोर ओढले. घरी येऊन कितीही साबण लावला तरी हाताचा चिकटपणा जाईना. तेलाच्या वासात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, पण त्या वासाकडे तिचं कधी लक्षही गेलं नव्हतं. त्या दिवशी तिनं मळलेले कपडे उचलून घराबाहेर ठेवले.

थोड्याच दिवसांनी धाकटी ताईकडे आली. खाडीवरच्या सगळ्यांनी ठरवलं होतं, की कंपनी ती पाइपलाइन काढत नाही आणि भरपाई देत नाही, तोवर लोकांना सांगायचं, या कंपनीच्या पंपावर तेल भरू नका. फलक घेऊन उभं राहायचं.

"तुझ्या पंपासमोर मी उभी राहणार आहे," धाकटी म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला उभं कर ना. तू दुसरीकडे जा."

"मग लोक म्हणतील, बहिणीच्या पंपावर स्वतः जायची हिंमत झाली नाही."

ताईच्या नवऱ्यानं धाकटीला समजवायचा प्रयत्न केला. त्याचं म्हणणं, सगळ्या पंपांचे टँकर एकाच डेपोतून भरतात, पाटी तेवढी वेगळी. तू पुढच्या पंपावर गेलीस तरी तेल तेच. धाकटी म्हणाली, भावोजी, तेल तेच असेल, नफा त्याच खिशात जात नाही. ती गेल्यावर तो बराच वेळ धुसफुसत होता. घरचीच माणसं पोटावर पाय द्यायला निघाली तर बाहेरच्यांना काय बोलायचं, असं तो भांडी विसळता विसळता म्हणत राहिला. दोघांचंही बरोबर आहे असं ताईला वाटत होतं, आणि त्याचाच तिला त्रास होत होता.

धाकटी खरोखरच समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. फलक आणि गाडी हळू झाली की दोन शब्द. गिऱ्हाइकं कमी झाली. वर्षानुवर्षं तेल भरणारी माणसं पंपासमोरून जाताना आरशात काहीतरी बघितल्यासारखं करू लागली. नोझलवर काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला ताईला कामावरून काढावं लागलं. संध्याकाळी ती रस्ता ओलांडून धाकटीकडे गेली.

"आज तिला घरी पाठवलं. तुला माहीत असावं म्हणून सांगतेय."

धाकटीचा चेहरा पडला. "मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पण उद्याही मी येणार आहे."

मग कंपनीचा साहेब आला. मोठ्या अदबीनं बोलला, केबिनमधल्या मोडक्या खुर्चीवरही कुरकुर न करता बसला. बहिष्कारानं कंपनीचं काही बिघडत नाही, मरण होतं ते तुमच्यासारख्या छोट्या कुटुंबांचं, हे तुम्हीच कॅमेऱ्यासमोर सांगा, असं त्याचं म्हणणं होतं. जाहिरात गावभर लागेल, करार पुढे चालू ठेवायलाही मदत होईल. नवऱ्यानं आशेनं ताईकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही म्हणता ते खरं आहे," ताई म्हणाली. "पण ते मी माझ्या बहिणीला तोंडावर सांगितलंय. तुमच्या जाहिरातीत नाही सांगणार."

साहेबानं विचार करायला वेळ दिला. ताईनं तो घेतला नाही.

त्यानंतर एका दुपारी धाकटीचा टेम्पो नेमका ताईच्या पंपाच्या अलीकडे आचके देत बंद पडला. तेल संपलं होतं. दुसऱ्या कंपनीचा पंप वळणाच्या पुढे होता. ताई बाहेर आली.

"थोडंसं घालते. कुणी बघत नाहीये."

"मी बघतेय ना," धाकटी म्हणाली.

ताईनं नवऱ्याला हाक मारली, "अहो, जरा इकडे या, हात लावा." धाकटीनं स्टिअरिंग धरलं आणि दोघांनी मागून टेम्पो ढकलायला घेतला. स्वतःच्या पंपासमोरून, रिकाम्या नोझलांसमोरून टेम्पो हळूहळू पुढे गेला. नवरा धापा टाकत म्हणाला, "गिऱ्हाईक स्वतः ढकलत नेऊन दुसऱ्याच्या दारात सोडणारा पंपवाला जगात मी एकटाच." ताईला इतकं हसू आलं की तिचा जोर गेला, आणि त्याला एकट्यालाच ढकलावं लागलं.

पुढे लोकांचा उत्साह ओसरला. फलक धरणारी माणसं कामाधंद्याला लागली. कंपनीनं फुटलेला भाग बदलला, थोडीफार भरपाई दिली; पण ते बहिष्कारामुळे, कोर्टाच्या धाकानं, की आधीच ठरलं होतं म्हणून, हे कुणालाच कळलं नाही. पाइपलाइन तिथेच राहिली. विक्री घटल्याचं कारण देऊन कंपनीनं ताईचा करार मात्र पुढे वाढवला नाही. नवरा-बायकोनं मागच्या गल्लीत एक शेड घेतली आणि टायरचं काम सुरू केलं. नवऱ्याला त्यात गोडी लागली. ताईला नाही लागली.

एकदा धाकटी शेडमध्ये आली. तिची नवी कालवं जेमतेम धरू लागली होती, विकायला अजून अवकाश होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, तुला माझा राग येतो का गं?"

"येतो," ताई म्हणाली.

"अजून?"

"अजून. सकाळी हे शटर वर करताना जास्त."

धाकटीनं मान हलवली. ती समजूत घालायच्या फंदात पडली नाही, आणि ताईला तेच बरं वाटलं.