सातव्या मुलाचा हात आणि संगणकाची साक्ष

त्या रविवारी चर्चच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर डॉक्टर केलोवेंचा आलेख झळकत होता आणि त्याखाली खुर्चीत अँब्रोज पिन बसला होता. सातव्या मुलाचा सातवा मुलगा, आणि अशाच्या हाताला जन्मतः गुण असतो असं आमच्याकडे मानतात; म्हणून तो आमच्या बंदरातला मंतरणारा. खेकड्यांच्या कारखान्यात उभं राहून ज्यांच्या पाठी कामातून गेल्या, त्यांच्या कंबरेवरून हा हात फिरवी. पैसे द्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, नाहीतर गुण उतरतो, ही आमच्याकडची जुनीच रीत. अँब्रोजने तिला आपलं शेपूट जोडलं होतं: दुखतंय म्हणायचं नाही आणि डॉक्टरचा हात लावून घ्यायचा नाही.

"अँब्रोजकडे गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पाठदुखी आपल्या दवाखान्याच्या संगणकात 'बरी' दिसते," डॉक्टर म्हणाले. "हे संशोधन विद्यापीठाला कळवायलाच हवं."

"मी कोण करणारा? करणारा वर बसलाय," अँब्रोज नम्रपणे म्हणाला. "आता तर यंत्रालाही पटलं."

मी त्याच दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. माझं लक्ष मागच्या बाकावरच्या बर्निस हाइन्सकडे होतं. आत येताना तिचा उजवा पाय फरशीला घासत होता. मी तिला दारातच गाठलं होतं.

"बर्निस, पाऊल उचलतंय का?"

"मला काही झालं नाही, फिलोमिना." तिचे डोळे भरले. "बोलले तर गुण उतरेल, सगळं गाव मलाच नावं ठेवेल. नाही बोलले तर उद्या कामावर. दवाखान्यातून कारखान्याला दाखलाही गेलाय, बरी म्हणून. जाऊ कुठे मी?"

मणक्यात नस दबली होती. उशीर झाला तर पाऊल कायमचं जाणार, हे मला दिसत होतं. माझं डोकंच फिरलं. मी उठले.

"डॉक्टर, माझी स्वतःची नोंद पडद्यावर लावा. माझी परवानगी आहे."

त्यांनी लावली. पाठदुखी: बरी.

"मी अँब्रोजची पायरी कधी चढले नाही," मी कोट वर करून कंबरेचा पट्टा दाखवला. "आणि पाठ आत्ताही ठणकतेय. हिवाळ्यात तक्रार नोंदवली, पुन्हा पाठ दाखवायला गेले नाही. तीन महिने कुणी फिरकलं नाही की हा संगणक आपणहून तक्रार मिटवतो आणि 'बरी' लिहितो. अँब्रोजची माणसं फिरकत नाहीत, कारण त्यानेच त्यांच्या तोंडाला कुलूप लावलंय."

"मग आमचा डॉमिनिकही ठणठणीत असणार," म्हातारी जोसेफीन म्हणाली. "कबरस्तानात गेल्यापासून तोही दवाखान्यात आला नाही."

सभागृह हसलं. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"श्रद्धा कमी पडली की असंच होतं," अँब्रोज म्हणाला.

"माझं पाऊल मेलंय," बर्निस उठून म्हणाली. "कित्येक दिवस झाले, त्यात काही जाणवतच नाही."

"बोललीस ना? आता पाय गेला तर मला दोष देऊ नकोस."

"तो तुझं ऐकून गप्प बसले तेव्हाच गेला."

दुसऱ्याच दिवशी सेंट जॉन्स शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिची शस्त्रक्रिया झाली. पाठ सुधारली, पाऊल मात्र परत आलं नाही.

गुण आला तर बाबाचा आणि नाही आला तर रोग्याचा दोष, असा उपचार हा सापळा असतो. आम्हा शिकलेल्यांनाही सांगते, जो आला नाही तो बरा झाला असं धरू नका. त्याच्या दारात जाऊन विचारा. आणि तुमचं दुखत असेल, तर दुखतंय म्हणा.